ईआरपी घेण्याआधी: कारखान्यात कुठली माहिती प्रणाली आहे, कुठली नाही?

खोडवा (धागाकर्ता) · सोमवार, रात्री 9:50

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे, कुठल्या ते विचारू नका. पुढच्या संचालक मंडळाच्या बैठकीत नवीन ईआरपी (सगळ्या विभागांचं एकत्र सॉफ्टवेअर) घ्यायचा विषय आहे. त्याआधी दहा मिनिटांत सगळ्यांना समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात काटा, पगार, डॅशबोर्ड, 'निर्णय सहाय्य' असं सगळं एकाच पानावर आहे. संचालक विचारणार, आत्ता आहे त्यात काय कमी आहे? प्रश्न रास्त आहे.

मी विचार असा केला की पुस्तकातला माहिती प्रणालींचा त्रिकोण (तळाला रोजच्या नोंदी, मध्ये व्यवस्थापन, टोकाला धोरण) काढण्यापेक्षा उसाच्या एका खेपेमागं चालत जावं.

ट्रॅक्टर केन यार्डात येतो, टोकन घेतो. नंबर लागला की काट्यावर भरलेलं वजन, गव्हाणीत ऊस खाली केला की परत येऊन रिकाम्या गाडीचं वजन. फरक म्हणजे निव्वळ ऊस. त्या पावतीवर शेतकऱ्याचा कोड, गट, उसाची जात, तोडणी टोळी, वाहतूकदार हे सगळं असतं. एकाच पावतीवरून तिघांचे पैसे निघतात: शेतकऱ्याचं बिल, मुकादमाची तोडणी, गाडीवाल्याची वाहतूक. शिवाय सोसायटीचं कर्ज त्याच बिलातून वळतं होतं. ही झाली व्यवहार नोंदवणारी प्रणाली. ती रात्री दोन वाजतासुद्धा बंद पडून चालत नाही, कारण यार्डात गाड्यांची रांग उभी असते.

सकाळी त्याच पावत्यांची बेरीज होते. कालचं गाळप, आजअखेर गाळप, उतारा (उसातून किती टक्के साखर निघाली), साखर पोती, मिल किती तास बंद आणि का. प्रत्येक गटातून ठरल्याप्रमाणे ऊस आला की कमी. ही व्यवस्थापनाची माहिती प्रणाली. नवीन काही नोंदवत नाही, नोंदलेलं मांडते.

माझी गाडी अडते ती इथून पुढं. तोडणी प्रोग्राम कसा लावायचा, रस किती इथेनॉलला वळवायचा, हे आमच्याकडे शेती अधिकारी, चीफ केमिस्ट आणि एक एक्सेल फाईल मिळून ठरवतात. ती फाईल एकाच माणसाच्या लॅपटॉपवर आहे. ह्याला निर्णय सहाय्य प्रणाली म्हणायचं का? आणि अध्यक्षांना मोबाईलवर जो तक्ता जातो त्याला काय म्हणायचं?

जाणकारांनी मदत करा.

विलिंग्डन_कट्टा · सोमवार, रात्री 10:35

धागा आवडला. मी हा विषय शिकवतो, त्यामुळे थोडं मास्तरकीचं सहन करा.

तो त्रिकोण अगदीच टाकाऊ नाही. 1965 मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट अँथनी यांनी संस्थेतल्या कामाचे तीन थर पाडले: धोरण ठरवणं, व्यवस्थापनाचं नियंत्रण आणि रोजच्या कामावरचं नियंत्रण. 1971 मध्ये एमआयटीच्या गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी त्यावर दुसरी फूटपट्टी आडवी ठेवली. ती म्हणजे निर्णय किती ठरीव आहे. पूर्ण ठरीव, अर्धा ठरीव, अजिबात न ठरीव. 'निर्णय सहाय्य प्रणाली' हे नाव तिथून रूढ झालं.

तुमच्याच कारखान्यात लावून बघा. एफआरपी, म्हणजे केंद्रानं ठरवलेला उसाचा किमान दर, काढणं हा पूर्ण ठरीव निर्णय. 2025-26 साठी 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, त्यापुढं प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. उतारा हातात आला की यंत्राला सांगा, माणसाची गरज नाही. ऊस नियंत्रण आदेश 1966 प्रमाणे 14 दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला 15 टक्के व्याज. हेही ठरीवच, संगणकाने तेराव्या दिवशी घंटा वाजवली पाहिजे.

अर्धा ठरीव म्हणजे तोडणी प्रोग्राम. लागण तारीख आणि जातीवरून पक्वता काढता येते, तेवढा भाग यंत्राचा. पण परतीचा पाऊस झाला, रानात चिखल आहे, ट्रॅक्टर आत जात नाही, टोळी निम्मी पळून गेली, हे माणसानंच बघायचं. यंत्रानं चार पर्याय मांडावेत आणि शेती अधिकाऱ्यानं एक उचलावा. तुमची एक्सेल फाईल ही निर्णय सहाय्य प्रणालीच आहे. गरिबाघरची आहे इतकंच.

आणि डिस्टिलरी आणखी वाढवायची का, हा न ठरीव. तिथं आतले आकडे फारसे कामाला येत नाहीत, दिल्लीत काय शिजतंय ते लागतं.

वारणाकाठ · मंगळवार, सकाळी 6:15

त्रिकोण, चौकोन काय काढायचा त्यो काढा सायेब, पर आमचं बी ऐकून घ्या. आमी ऊस घालणारी माणसं.

गेल्या साली माजी आडसाली. लागण जुलैच्या पयल्या आठवड्यात केलेली. चिटबॉय, म्हंजी कारखान्याचा ऊस नोंदणारा माणूस, नोंद कराय आला सप्टेंबरात, बांधावर हुबा ऱ्हायला, चहा पिला, आन् कागदावर लिवली ऑगस्ट अखेर. मला काय म्हायती काय लिवलंय. हंगाम सुरू झाला, शेजारच्याला तोड आली, मला न्हाई. गट हाफिसला गेलो तर म्हणत्यात कॉम्प्युटरमदी तुमचा नंबर लांब हाय. कॉम्प्युटरला कुणी सांगितलं? उसाला तुरा आला, पोकळ पडाय लागला, वजन घटलं. पैशे वजनावर मिळत्यात, नंबरावर न्हाई.

आता तुमच्या त्या सकाळच्या तक्त्यात ह्ये कुटं दिसतंय सांगा. तिथं समदं टापटीप असंल.

अन् काट्याचं तर बोलूच नगा. एसेमेस येतोय वजनाचा, बरं वाटतंय, पर बाहीरच्या काट्यावर गाडी चढवू दिल्याबिगर इस्वास बसत न्हाई.

खोडवा · मंगळवार, सकाळी 9:20

आबा, तुमचा कारखाना कुठला ते विचारत नाही, पण हे आमच्याकडेही घडतं. लागण तारीख बहुतेक चिटबॉयच्या अंदाजावर असते. क्षेत्राचंही तसंच. दोन एकर लावलेला माणूस अडीच सांगतो, कारण क्षेत्र जास्त असेल तर टोळी जास्त दिवस मिळेल असं त्याला वाटतं. काही जण एकच ऊस दोन कारखान्यांकडे नोंदवतात, ज्याची तोड आधी येईल त्याला घालायचा. तीच बेरीज हंगामाआधी 'उपलब्ध ऊस' म्हणून मंडळापुढं येते आणि तिच्यावर तोडणी-वाहतुकीचे करार होतात, मुकादमांना उचल दिली जाते.

काट्याबद्दल: निदान वजन हातानं टाइप न करता थेट काट्यावरून संगणकात आलं पाहिजे आणि बदल केला तर कुणी, कधी, ही नोंद राहिली पाहिजे. ह्यात दुमत नाही.

पेव_आणि_पोती · मंगळवार, दुपारी 12:05

मार्केट यार्डात हळदीच्या दुकानात दिवाणजी आहे. आमच्याकडं सौदा झाला की पट्टी, पट्टीवरून खतावणी, आणि मालक संध्याकाळी फक्त येणं किती ते विचारतो. तिन्ही थर एका गादीवर! वाचतोय.

कराडकर_इन_पुणे · मंगळवार, दुपारी 2:40

ईआरपी बसवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे थोडं उलट बोलतो.

पहिलं म्हणजे ईआरपी हा त्रिकोणातला वेगळा थर नाही. पूर्वी काट्याचं वेगळं, स्टोअरचं वेगळं, पगाराचं वेगळं सॉफ्टवेअर असायचं आणि महिनाअखेरीला तीन विभागांचे तीन आकडे घेऊन तिघं भांडायचे. ईआरपी ह्या सगळ्यांना एकाच डेटाबेसवर बसवते. स्टोअरमधून बेअरिंग निघालं की त्याच क्षणी खर्च खात्यात दिसतो. जर्मनीतली सॅप कंपनी 1972 मध्ये निघाली ती हीच कल्पना घेऊन. त्यातून निर्णय आपोआप बाहेर पडत नाहीत. विक्रेता तसं सांगत असेल तर त्याला त्याच्याच डेमोमध्ये तुमचा तोडणी प्रोग्राम लावून दाखवायला सांगा. चेहरा बघण्यासारखा होतो.

दुसरं, हे थर इतिहासात एकामागून एक आले असं समजू नका. धंद्यासाठी रोज वापरात आलेला पहिला संगणक 1951 मध्ये इंग्लंडमधल्या जे. लायन्स ह्या चहाची दुकानं चालवणाऱ्या कंपनीचा. नाव लिओ. पहिलं काम बेकरीच्या मालाचा हिशोब. पुढं दुकानांच्या मागण्या त्यात जाऊ लागल्या. रोजची ठरलेली मागणी आधीच नोंदलेली, दुकानाच्या बाईनं फोनवर फक्त फरक कळवायचा. त्यावरून किती माल काढायचा, कुठल्या गाडीत भरायचा हे निघायचं, आणि साहेबांनाही त्यातूनच आकडे. व्यवहार आणि व्यवस्थापन एकाच यंत्रावर, सत्तरेक वर्षांपूर्वी.

तिसरं, खोडवा साहेब, तुमच्याकडे रोज किती रिपोर्ट छापले जातात? 1967 मध्ये रसेल ॲकॉफनं लिहून ठेवलंय की व्यवस्थापकांना माहिती कमी पडत नाही, नको ती माहिती फार मिळते. मी नवीन ठिकाणी गेलो की निम्मे रिपोर्ट न सांगता बंद करतो. ज्याच्यासाठी फोन येतो तेवढेच परत चालू.

दूधवाली_ताई · मंगळवार, दुपारी 3:30

न सांगता बंद? आमच्या संकलन केंद्रावर करून दाखवा, बायका तुम्हाला गल्लीत फिरू देणार नाहीत 😄

कराडकडच्या एका गावात केंद्र चालवते. सकाळी दूध आलं की काटा, ॲनालायझर, फॅट, एसएनएफ, दर, पावती. दहा दिवसांनी बिल. पण मी पावतीपेक्षा एकच गोष्ट बघते: कालच्यापेक्षा कुणाच्या म्हशीची फॅट एकदम उतरली. यादी उतरत्या क्रमानं लावून घेतलीय. अशी बाई दिसली की मी संध्याकाळी विचारते, पेंड बदलली का, म्हैस आजारी आहे का, का पोरानं पाणी घातलं. दीडशे पावत्या वाचत बसले असते तर कळलं नसतं. ह्याला काय म्हणतात ते प्राध्यापक सरांनी सांगावं.

विलिंग्डन_कट्टा · मंगळवार, सायंकाळी 5:10

ताई, ह्याला अपवादाचा अहवाल म्हणतात, आणि तो चांगल्या व्यवस्थापन माहिती प्रणालीचा जीव असतो. सगळं ठीक असताना गप्प बसायचं आणि बिघडलं तिथं बोट ठेवायचं. उद्या वर्गात तुमचं उदाहरण देणार, चालेल ना?

शून्य_थकबाकी · मंगळवार, रात्री 8:45

विकास सोसायटीचा गटसचिव बोलतोय. आमची बाजूही येऊ द्या.

केंद्रानं 2022 मध्ये 63,000 प्राथमिक सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, 2,516 कोटींची योजना, राबवणार नाबार्ड. सगळ्या देशात एकच सॉफ्टवेअर. कल्पना उत्तम. गावातल्या सोसायटीपासून जिल्हा बँकेपर्यंत एकच खतावणी, म्हणजे कराडकर म्हणतात तेच.

आता प्रत्यक्ष. कीर्द-खतावणी वहीतही लिहायची आणि संगणकातही. कमाल मर्यादा पत्रकं (कुणाला किती पीककर्ज द्यायचं त्याची) अजून कागदावरच फिरतात. जुने सभासद, वारस न लागलेली खाती, तीन पिढ्यांची सामाईक नावं, हे सगळं भरताना जो घाम निघाला तो कुठल्याच योजनेच्या अंदाजपत्रकात नव्हता. पण एक कबूल करतो. पूर्वी थकबाकीदारांची यादी काढायला मार्चअखेरीला रात्री जागवाव्या लागायच्या. आता पाच मिनिटांत निघते. संचालक मात्र अजूनही यादी बघत नाहीत, मला विचारतात, "अमक्याचं काय करायचं?" तो माणूस ऊस कुठल्या कारखान्याला घालणार, वसुली बिलातून येणार का, त्याच्या घरात यंदा लग्न आहे का, हे माझ्या डोक्यात असतं. माझ्यानंतर ते कुठं जाणार, कुणी विचारलेलं नाही.

बीबीए_तिसरं_वर्ष · मंगळवार, रात्री 9:30

सर उद्या इंटर्नल आहे, 'माहिती प्रणालीचे प्रकार व भूमिका' 10 मार्कांना आहे. कोणीतरी मुद्द्यांत लिहून द्या ना प्लीज 🙏

कराडकर_इन_पुणे · मंगळवार, रात्री 9:34

वर दूधवाली ताईंचा प्रतिसाद पाठ कर. आठ मार्क नक्की.

नवजा_पाऊस_मिमी · बुधवार, सकाळी 7:50

जलसंपदामधून निवृत्त. निर्णय सहाय्य प्रणालीवर वर बरंच बोलणं झालं, पण सांगली-साताऱ्यात राहून पुराचा विषय कुणीच काढला नाही ह्याचं नवल वाटलं.

कोयना धरणाची क्षमता 105.25 टीएमसी. पायथा विद्युतगृहातून सुटतं ते 2,100 क्युसेक, त्यापुढं सहा वक्र दरवाजे. खाली धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी ह्यांचं पाणी कृष्णेत येतं. सांगलीच्या खाली लगेच हरिपूरला वारणा मिळते, पुढं नरसोबावाडीला पंचगंगा. वारणा फुगलेली असेल तर सांगलीचं पाणी उतरायला जागाच उरत नाही. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45 फूट. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं.

आता बघा. कोयना, नवजा, महाबळेश्वरचा पाऊस तासातासाला संगणकावर येतो, धरणपातळी येते, हा व्यवहार नोंदीचा थर. त्याचा तक्ता होऊन जिल्हाधिकारी कार्यालयात जातो, हा व्यवस्थापनाचा. पण खरा प्रश्न असतो: आत्ता दरवाजे दोन फूट उचलायचे की उद्या सकाळी पाच फूट? लवकर सोडलं आणि पुढं पाऊसच आला नाही तर धरण रिकामं राहिलं म्हणून शिव्या, वीज आणि शेती दोन्ही अडचणीत. उशिरा सोडलं तर सांगलीत पाणी शिरतं. इथं संगणकावरचं प्रतिमान (मॉडेल) उपयोगी पडतं. इतका पाऊस धरला आणि इतकं सोडलं, तर सांगलीत किती वाजता किती फूट, असे तीन-चार पर्याय समोर येतात. खालच्या अलमट्टी धरणाची पातळी दुसऱ्या राज्यातून, कर्नाटकातून, कळवली जाते, तीही त्यात बसवावी लागते. शेवटी सही माणसाची.

जुन्या काळी वायरलेसवर आकडे यायचे आणि आम्ही आलेखाच्या कागदावर पेन्सिलीनं रेघ ओढायचो. रेघ वाईट नसायची. फक्त ती ओढून होईपर्यंत पाणी पुढं गेलेलं असायचं.

खोडवा · बुधवार, दुपारी 1:15

काका, आमच्या इथेनॉलच्या गणितात नेमकं हेच आहे. 7 डिसेंबर 2023 ला केंद्रानं त्या वर्षापुरती उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. गाळप सुरू झालेलं, डिस्टिलरीचे करार झालेले. चीफ केमिस्ट आणि अकाउंटंट रात्रभर बसून तीच एक्सेल फाईल हलवत होते. मळी बी-हेवी (साखर जास्त उरलेली) किती, सी-हेवी (साखर काढून घेतलेली) किती, साखर किती वाढणार, गोदामात जागा आहे का, साखरेची किमान विक्री किंमत 2019 पासून किलोला 31 रुपये, बँकेची उचल कशी फिटणार. सकाळच्या तक्त्यात ह्यातलं काहीही नव्हतं. तक्ता कालचं सांगतो आणि आम्हाला हवं होतं एप्रिलचं.

म्हणजे मंडळाला मी असं सांगणार: काट्याची प्रणाली आहे आणि ठीक आहे. सकाळचे तक्ते आहेत, जरा जास्तच आहेत. निर्णयाला मदत करणारं जे आहे ते एका लॅपटॉपवर आहे आणि तो माणूस दोन वर्षांत निवृत्त होतोय. अध्यक्षांच्या मोबाईलवर जातो तो तक्ता सकाळच्याच तक्त्याचा लहान भाऊ आहे. त्यात बाजारभाव, साखर विक्रीचा कोटा, शेजारच्या कारखान्यांचा दर, बाहेरचं काहीच नाही. आणि ह्या सगळ्याच्या बुडाशी ऊस नोंद आहे, ती कच्ची आहे. ईआरपी घेतली तरी कच्चीच राहणार.

कराडकर_इन_पुणे · बुधवार, दुपारी 1:40

शेवटचं वाक्य पहिलं सांगा. बाकीचं ऐकेपर्यंत चहा येतो.

नोंदीसाठी मोबाईल ॲप द्या चिटबॉयला. शेताच्या चारी कडेनं फिरून जीपीएसवर क्षेत्र मोजायचं, बांधावरून भरता येऊ नये. फोटो सक्तीचा.

वारणाकाठ · बुधवार, रात्री 8:00

ॲप द्या, पर चिटबॉय आता हुब्या उसात फिरंल का? पावसाळ्यात? फोटू काढंल बांधावरनंच. त्यापरीस एक करा. कागदावर काय लिवलंय त्ये मला कळवा की. वजनाचा एसेमेस येतोय न्हवं, तसा नोंदीचा धाडा. चुकलं असंल तर मीच बोंब मारतो. तुमाला हेलपाटा बी न्हाई.

शून्य_थकबाकी · बुधवार, रात्री 8:20

+1. आणि दुहेरी नोंदीवालेही जरा चपापतील.

विलिंग्डन_कट्टा · बुधवार, रात्री 8:55

हरकत कुणी मंजूर करायची तेही ठरवा. चिटबॉयनंच नोंद करायची आणि त्यानंच दुरुस्त करायची असं नको. गट अधिकाऱ्याची सही आणि जुनी तारीख पुसली जाऊ नये.

खोडवा · बुधवार, रात्री 9:40

हे ईआरपीची वाट न बघता आत्ताच्या सॉफ्टवेअरवर होतंय. मसुदा असा केलाय (को 86032 ही उसाची जात):

"गट 214, 0.80 हे, को 86032, लागण 12/07/25. चूक? 7 दिवसांत कळवा."

कराडकर_इन_पुणे · बुधवार, रात्री 9:52

मराठी एसएमएसला 70 अक्षरांची मर्यादा, काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. त्यापुढं गेलात तर दोन मेसेजचे पैसे लागतील. हा 62 आहे, बसतो. मसुदा डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांच्या एसएमएस नोंदणी यंत्रणेवर) मंजूर करून घ्यायला विसरू नका, नाहीतर जाणारच नाही.

वारणाकाठ · गुरुवार, सकाळी 6:05

हेक्टर कुणाला कळतंय? एकर लिवा. अन् कळवा म्हंजी कुणाला कळवा? गट हाफिस म्हणा, न्हाईतर मानसं काट्यावर जाऊन भांडत बसतील.

खोडवा · गुरुवार, सकाळी 10:10

"गट 214, 2 एकर, को 86032, लागण 12/07/25. चूक? 7 दिवसांत गट ऑफिसला कळवा."

बरोबर 70. शेती विभागाकडे पाठवतोय. बैठक झाली की काय ठरलं ते इथंच लिहीन.